खाचेत बसणारा दात

प्रिय बुटके,

तुझा नवरा माझ्याकडे आहे. जिवंत आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवतो आणि वर थोडं वाढा म्हणतो. तेव्हा काळजी करत असशील तर सोड, आणि करत नसशील तर शहाणी आहेस. त्या दिवशी फोनवर ‘तो इकडे आलाय’ एवढं म्हणायचा अवकाश, तू फोन ठेवलास. नंतर जेव्हा जेव्हा मी त्याचा विषय काढला तेव्हा तुझ्याकडे कुकरची शिट्टी तरी झाली, नाहीतर दारावरची बेल तरी वाजली. इतका वक्तशीर कुकर मी दुसरा पाहिला नाही. म्हणून हे पत्र. पत्र फार तर फाडता येतं, पण तू हातात आलेला कागद वाचल्याशिवाय टाकत नाहीस हे मला ठाऊक आहे. लहानपणी पुडीच्या कागदावरची अर्धी फाटलेली बातमीसुद्धा वाचायचीस आणि उरलेली अर्धी मला विचारत बसायचीस.

तू त्याला घराबाहेर काढलंस ते उत्तम केलंस, फक्त उशिरा केलंस. नोकरी जाण्यात काही लाज नाही, भल्याभल्यांची जाते. पण नोकरी गेल्यावरही रोज सकाळी भांग पाडायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा, तू केलेला डबा घेऊन निघायचं, दिवसभर वाचनालयाच्या बाकावर पेपर चाळत बसायचं, आणि संध्याकाळी घरी येऊन ‘आज मीटिंगनं डोकं उठलं’ म्हणत तुझ्याकडून डोकं चेपून घ्यायचं, याला काय म्हणतात ते मला माहीत आहे, पण ते पत्रात घालण्यासारखं नाही. कित्येक महिने हे चाललं. आणि तुला कळलं कसं, तर त्याच्या ऑफिसातल्या बाईनं दुकानात सहज विचारलं, साहेबांना दुसरीकडे लागली का. तिच्यासमोर तू हसून ‘हो, लागली’ म्हणालीस म्हणे. म्हणजे त्याचं खोटं झाकायला तुलाही तिथल्या तिथे एक खोटं बोलावं लागलं. हे तू मला सांगितलं नाहीस, त्यानं सांगितलं. सांगताना खाली बघत होता. खाली बघणं त्याला छान जमतं.

त्या सकाळी मी कारखान्याचं शटर वर केलं तर हा बाहेर उभा. चाकांची बॅग, पॉलिश केलेले बूट, चेहरा असा की आपण गृहप्रवेशाला आलोय आणि यजमानच उशिरा उठलेत. जगात एवढी माणसं, आणि जिला त्याचं तोंड बघायचा सगळ्यात जास्त कंटाळा तिच्याच दारात. मी विचारलं, इथं का. तर म्हणाला, “ताई, तुम्ही मला कधीच काही समजला नाहीत. तुमच्यापुढे मला कसला आव टिकवायचा नाही.” इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं अक्कल असलेलं वाक्य. मी अर्थातच तसं म्हटलं नाही. बॅग मागच्या खोलीत ठेव म्हटलं, आणि बूट काढ, इथं लोखंडाचा कीस पडलेला असतो, तळव्यांत घुसला की ओरडू नकोस. इतकी वर्षं त्याला ‘अहो’ म्हणत आले होते, धाकट्या बहिणीचा नवरा म्हणून. त्या दिवसापासून ‘अरे’. कारखान्यात अहो-जाहो फक्त मशीनला.

तुला आठवत असेल, लग्न ठरलं तेव्हा आई सगळ्यांना सांगत सुटली होती, जावई किती बोलका आहे म्हणून. बाबा त्याच्याशी दोन शब्द बोलून, चहा संपवून परत कारखान्यात लेथकडे गेले. मी मात्र म्हटलं होतं की ज्याला समोरचा गप्प बसलेला सहन होत नाही त्याच्यापाशी बहुधा स्वतःचं काही नसतं. तू महिनाभर माझ्याशी बोलली नव्हतीस. मग त्याला विक्री विभागात बढती मिळाली, तो हॉटेलांत भाषणं द्यायला लागला, आणि माझं म्हणणं खोटं ठरलं असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मला दुसरी कामं होती.

कारखान्यात आल्यावर पहिले काही दिवस त्यानं मला सल्ले दिले. लेथ दाराकडे तोंड करून का आहे, गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची का नाही, पाटी जुनी झालीय, ‘ब्रँडिंग’ करायला हवं. मी म्हटलं, दिवसभर कानाशी मोटर चालू असते, आणखी एक नको. मग तो झाडू मारायला लागला. झाडू मारणाऱ्या माणसाचं तोंड निदान खाली असतं.

एक दिवस मी कामासाठी बाहेर गेले होते. कसलं काम ते नंतर सांगते. संध्याकाळी परत आले तर मला वाटलं चुकून दुसऱ्याच्या कारखान्यात शिरले. पाने लहान-मोठे असे भिंतीवर ओळीनं टांगलेले, डब्यांवर चिठ्ठ्या, खिडक्यांच्या काचा पुसलेल्या. कोपऱ्यातला तो ढीग, ज्यात बाबांच्या वेळेपासूनचे पोलादाचे तुकडे, बुश, दांडे पडलेले असायचे आणि ज्यातला प्रत्येक तुकडा मला डोळे मिटून सापडायचा, तो ढीग गायब. भंगारवाल्याचा टेंपो येऊन गेला होता. आणि महाशय कमरेवर हात ठेवून उभे, शाबासकीची वाट बघत. मी म्हटलं, छान. दुसरं काय म्हणणार? आपल्याला दिसत नाही तो पसारा म्हणजे व्यवस्था, आणि आपल्याला कळत नाही ती व्यवस्था म्हणजे पसारा, असं मानणारी माणसं जगभर ऑफिसं चालवतात. त्यातला एक माझ्याकडे आला एवढंच.

आता पान्याचं सांगते. तू कारखान्यात वाढलीस पण तुझं नाक कायम पुस्तकात, त्यामुळे सोपं करून सांगते. बाबांनी बंद पडलेल्या कंपनीतून आणलेलं ते मिलिंग मशीन आहे ना, त्यात फिरणारा कटर धरायला एक चक असतो. चकात कॉलेट बसतं, म्हणजे उभ्या चिरा पाडलेली पोलादाची बाही. बाहीत कटर घालायचा आणि वरून गोल नट आवळायचा. नट आवळला की बाही आक्रसते आणि कटरला अशी मिठी मारते की सुटता सुटत नाही. मात्र या नटाला नेहमीच्या नटासारख्या कडा नसतात. तो गुळगुळीत गोल, फक्त अंगावर खाचा. त्याला आकड्यासारखं तोंड असलेला खास पाना लागतो, त्याच्या टोकाचा दात खाचेत बसतो. मशीन बनवणारी कंपनी केव्हाच मातीत गेली, आणि नटाचं माप असं आडनिडं की बाजारातला एकही पाना बसत नाही. एकच पाना होता. काळा, ओबडधोबड, बघणाऱ्याला भंगार वाटावा असा.

तो भंगारात गेला होता.

मला हवा होता तेव्हा मी विचारलं. तर म्हणाला, “पाना? मी तर तसा काही पाहिला नाही.” डोळा लवला नाही, आवाज हलला नाही. ज्या सहजतेनं तुला तो मीटिंगांबद्दल सांगायचा त्याच सहजतेनं. मला त्या क्षणी तुझं सगळं लग्न डोळ्यांपुढे दिसलं बघ. मी भंगारवाल्याकडे गेले, त्यानं सांगितलं माल त्याच दिवशी भट्टीकडे गेला. मी परत आले आणि काही बोलले नाही. म्हटलं बघू, किती पाण्यात आहे. इथं माझं चुकलं असं तू म्हणशील. म्हण.

तेव्हा बेकरीवालीचं काम हातात होतं. चौकातली बेकरी, तिचं कणीक मळायचं मोठं यंत्र बंद पडलं होतं. त्याच्या फिरत्या दांड्यातली किल्ली, म्हणजे चाक धरून ठेवणारी चौकोनी पट्टी, बसायची खाच पार झिजून गेलेली, नवा दांडा करून त्यात नवी खाच पाडायची होती. बाई रोज सकाळी येऊन दारात उभी राहायची. आवाज असा की मशीन बंद करायची गरज पडू नये. हातानं कणीक मळून तिची माणसं कावली होती आणि ती मला येऊन असं सांगायची जणू यंत्र मीच मोडलं. दांडा मी लेथवर करून ठेवला, दोन दिवस त्यात गेले. खाच पाडायला मिलिंगवर लावला, आणि कटर बसवून नट आवळायचं काम याला दिलं. त्याला का दिलं, मी स्वतः का नाही आवळला, तेही सांगते, जरा दम धर. पाना नाही तर कसा आवळणार, हे त्यानं विचारलं नाही. ‘झालं, ताई’ म्हणाला.

मी मशीन चालू केलं. सुरुवातीला सगळं ठीक. मग आवाज बदलला. मिठी सैल असली की कटर जागेवर राहत नाही, कापता कापता हळूहळू खाली सरकतो, आणि खाच खोल खोल होत जाते. मी बंद करेपर्यंत कटर दांड्याच्या पोटात रुतून तुटला. त्याचा तुकडा माझ्या कानाशेजारून गेला आणि नुकत्याच पुसलेल्या खिडकीच्या काचेतून बाहेर पडला. दांडा फुकट. बेकरीवाली दारातच होती. तिनं बघितलं, तोंड उघडलं, आणि प्रथमच तिला शब्द सापडला नाही. तुझ्या नवऱ्याला मात्र सापडला. म्हणाला, कॉलेटच जुनं झालं असेल.

नट इतका सैल होता की हातानंच फिरला, तो काढून मी त्याच्या हातात दिला. खाचांच्या कडा चेपलेल्या, छिन्नीचे ताजे, चकचकीत घाव. पाना नाही म्हणून यानं खाचेत छिन्नी धरून हातोडीनं नट ठोकून आवळला होता, आणि झालं म्हणाला होता. खोटं माणसाला बोलता येतं, नटाला नाही. मी एवढंच म्हटलं, “इथं माझ्या जागी तुझी बायको उभी असती तर?” त्यानं फुटलेल्या काचेकडे बघितलं. मग बाहेर जाऊन पायरीवर बसला, आणि मी त्याला जेवायला हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं, पाना तू करायचा. हातानं. करवत, कानस आणि ड्रिल, बस. तू म्हणशील, ताई, तू तर तो एका दुपारात केला असतास. मीही त्याला तेच ऐकवलं. ही तुझी शिक्षा आहे म्हटलं, आणि त्यानं मान डोलावली. विक्री विभागात शिक्षेला प्रशिक्षण म्हणत असतील, कारण तो खिशातून पेन काढून उभा राहिला.

त्याचा पहिला पाना म्हणजे हसावं की रडावं अशी वस्तू. नटाचं माप घेऊन पुठ्ठ्याचा नमुना कापला, इथवर बरं. कात्री त्याला धरता येते. मग साध्या लोखंडाच्या पट्टीवर रेघ मारली, रेघेच्या कडेनं भोकं पाडली, मधलं करवतीनं कापून काढलं आणि घासत बसला. करवत अशी चालवत होता जणू पट्टीची माफी मागतोय. हॉटेलांत तासभर भाषण देणाऱ्या माणसाला हातभर लोखंड कापताना घाम फुटलेला बघणं ही गंमत मी पैसे देऊनही बघितली असती. पाना लावला, जोर दिला, आणि दात मेणासारखा वाकला. मी आधीच सांगू शकले असते की ते लोखंड मऊ आहे. विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यानं विचारलं नाही, कारण विचारणं म्हणजे माहीत नाही हे कबूल करणं.

मग मी त्याला ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा दिला. ते पोलाद कडक. आधी लाल तापवून राखेत पुरून रात्रभर निवू द्यायचं, म्हणजे कानस चालते. हा दुसरा पाना दिसायला बरा झाला. चहा घेऊन आला, पाना माझ्यापुढे ठेवला, आणि पुन्हा तेच, कमरेवर हात. मी तो नटावर चढवून खिडकीसमोर धरला. दात खाचेत बसला होता, पण एका बाजूनं उजेडाची फट, आणि दाताच्या टोकाला बारीक ठोके. घासताना जास्त गेलं, दात बारीक झाला, तर यानं हातोडीनं ठोकून तो पसरवला होता. वरवर खाच भरलेली दिसावी म्हणून! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाटलं, हा माणूस पोलादाशीही तसाच वागतो जसा माझ्या बहिणीशी वागला. मी पाना टेबलावर आपटला आणि म्हटलं, “कानशीनं गेलेलं परत येत नाही. ठोकून फुगवलेलं पहिल्या जोराला खचतं. तुझ्या घराचं तेच झालं ना?” तो काही बोलला नाही. जेवतानाही बोलला नाही. इतका वेळ त्याचं तोंड बंद असलेलं मी प्रथमच बघितलं, आणि खरं सांगू, शांततेत तो माणूस इतका वाईट दिसत नाही.

तिसरा करायला त्यानं बरेच दिवस घेतले. बेकरीवालीला मी दुसरा दांडा करून ठेवलाय म्हणून थोपवत होते. ती रोज यायची, आत डोकावायची, ‘अजून घासतोयच का’ विचारून जायची. एकदा याच्या हाताला आलेले फोड बघून म्हणाली, माझ्याकडे कणीक मळायला आला असता तर एवढ्यात तयार झाला असता. मग एका सकाळी तो माझ्यापाशी आला. पाना हातात होता, पण पुढे केला नाही. म्हणाला, “हा पण चुकलाय, ताई. दात खाचेत किंचित डुलतो. लावला तर लागेल, तुम्हाला कळणारही नाही कदाचित. पण चुकलाय. दुसरा करतो.”

बुटके, मी हातातलं काम खाली ठेवलं. कोणी विचारायच्या आत आपली चूक सांगणारा हा माणूस मी पाहिला नव्हता. तू पाहिला होतास का? मी म्हटलं, बघू. पाना घेतला आणि नटावर चढवायला गेले, आणि तो माझ्या बोटांतून खाली पडला. उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा त्यानं वाकून उचलला, माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला, आणि विचारलं, “हात किती दिवस असा आहे?”

मी म्हटलं, कसा असा? जसा आहे तसा आहे.

तर म्हणाला, “मी आलो त्या दिवसापासून बघतोय. तुम्ही कप डाव्या हातानं उचलता. शर्टाची वरची गुंडी लावत नाही. नट मला आवळायला सांगितलात. ताई, लपवणारं माणूस मला लांबून ओळखू येतं.”

आता सांगते. उजव्या हाताची तीन बोटं वर्षभर बधिर आहेत. रात्री मुंग्यांनी जाग येते, दिवसा धरलेली वस्तू सुटते. मनगटात शीर दाबली गेलीय, इतक्या वर्षांच्या मशीनच्या थरथरीनं. ज्या दिवशी तो कारखाना आवरत होता त्या दिवशी मी डॉक्टरकडे गेले होते. तिथला डॉक्टर म्हणजे ताज्या इस्त्रीचा एक मुलगा, मला म्हणाला, आजी, आता विणकाम बंद करा. मी म्हटलं, मी पोलाद कापते. तो हसला, त्याला वाटलं विनोद केला. ऑपरेशन करा, नाहीतर अंगठा कायमचा जाईल म्हणाला. मी कागद घडी घालून ठेवून दिला आणि कोणाला सांगितलं नाही. तुलाही नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, पुरे झालं, बंद कर कारखाना, माझ्याकडे येऊन राहा. बाईमाणसानं लेथ चालवायला घेतला तेव्हा बंद कर म्हणणारे होते, आता म्हातारपणी नव्यानं ऐकून घ्यायची माझी तयारी नाही.

पण तेव्हा हे सगळं मी त्याला कशाला सांगू? मी म्हटलं, तू कोण मला शिकवणार? ज्यानं बायकोला दिवसाढवळ्या फसवलं तो मला खरं बोलायचे धडे देणार? त्याला राग आला नाही. म्हणाला, “मी कोणीच नाही. पण हे एक काम मी तुमच्यापेक्षा जास्त केलंय. रोज वाटायचं, आज नाही, उद्या सांगू. सांगायला एक मिनिट लागलं असतं. न सांगायला सगळा दिवस लागायचा.” एवढं बोलून तो आपल्या जागी गेला, पाट्याचा नवा तुकडा व्हाइसच्या जबड्यात आवळून धरला आणि पहिल्यापासून रेघ मारायला लागला. मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. तुझ्या नवऱ्यासमोर डोळे पुसायची वेळ माझ्यावर येईल असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

चौथा पाना बसला. खिडकीसमोर धरला, कुठून उजेड येईना. मग त्याचा दात पुन्हा लाल तापवून, तेलात बुडवून कडक केला, आणि मंद आचेवर वाळक्या गवताच्या रंगाचा होईपर्यंत परत तापवला, म्हणजे कडकही राहतो आणि तुटतही नाही. दांडा वाकडाच आहे, कडा हाताला लागतात, आणि बघून कोणी म्हणणार नाही की तीन पाने खाऊन झालेली ही वस्तू आहे. मी ‘चालेल’ म्हटलं. तेवढ्यावर त्याचा चेहरा असा झाला की मलाच लाज वाटली त्याची. नटाच्या चेपलेल्या कडा त्यानं कानशीनं साफ केल्या, कॉलेटमध्ये कटर बसवला, पाना लावला आणि आवळला. मग स्वतःहून म्हणाला, एकदा तुम्ही बघा. दुसऱ्या दांड्यात खाच पडली, बरोबर मापाची. बेकरीवालीचं यंत्र फिरलं. ती गरम पाव घेऊन आली आणि त्याला देताना म्हणाली, दिसतोस त्यापेक्षा कामाचा आहेस. इतकं सढळ कौतुक मी केलं नसतं.

त्यानंतर त्यानं मला डॉक्टरकडे नेलं. नेलं म्हणजे काय, टॅक्सी आणून दारात उभी केली आणि स्वतः कारखान्याला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. गेल्या आठवड्यात ऑपरेशन झालं. बोटांत जीव परत येतोय म्हणतात, मला अजून तरी फक्त ठणका येतोय. उजवा हात कोपरापर्यंत गुंडाळून गळ्यात बांधलाय आणि मी खुर्चीत बसून हुकूम सोडते. छोटी कामं तो करतो. निम्मी बिघडवतो. पण बिघडली की येऊन सांगतो.

तेव्हा आता तुला कळलं असेल. की पहिल्याच ओळीला कळलं होतं? पाकिटावरचा पत्ता मुद्दाम बेकरीवालीकडून घातला, पण आतलं अक्षर तू ओळखणारच. हे सगळं पत्र मी बोलले आणि त्यानं लिहिलं. प्रत्येक शब्द. झाडूचं, माफी मागणाऱ्या करवतीचं, डोकं चेपून घेण्याचं, सगळं. मला भरवसा नव्हता, म्हणून इथवरचं पत्र बेकरीवालीला मोठ्यानं वाचायला लावलं. तिनं हसत हसत वाचलं, मध्येच हसायची थांबली, पण एक शब्द वगळलेला नाही की मऊ केलेला नाही. निघताना तू त्याला शेवटचं काय म्हणालीस ते त्यानं मला सांगितलंय. ‘स्वतःबद्दल एक तरी पूर्ण खरं वाक्य बोलशील त्या दिवशी दार वाजव.’ बोलणं त्याचं मला अजूनही पटत नाही, म्हणून लिहून घेतलं. घरात घे असं मी म्हणत नाही, माझं त्याच्याबद्दलचं मत फारसं बदललेलं नाही, आणि खरं तर हात बरा होईपर्यंत मला तो इथं हवाच आहे. पण तो मला रोज विचारतो की दार वाजवायचं का, आणि मी कोण सांगणार? तू सांग. फोन कर, आणि या खेपेला कुकर बंद ठेव. हे वाक्य लिहिताना तो थांबलाय. लिही म्हटलं. लिहितोय.

तुझीच, आणि ही वाकडी सही डाव्या हातानं स्वतः केलेली,
ताई